मुक्काम हलल्यावर

ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोहोचते. अंतर सुमारे २५० किलोमीटर. या वाटचालीचे वर्णन बहुधा चालणाऱ्यांच्या बाजूने होते: टाळ, मृदंग, पताका, डोईवरची तुळस. पालखी पुढे गेल्यानंतर लोणंदचा किंवा वेळापूरचा तळ कसा दिसतो, याकडे भक्तिपर लेखनाचे लक्ष सहसा जात नाही. त्या रिकाम्या तळावर क्षणभर थांबले, की साधी राहणी म्हणजे काय या जुन्या प्रश्नाची एक अडचणीची बाजू समोर येते.

वारकऱ्याचे सामान परंपरेने अल्प. खांद्यावर पडशी, पांघरायला घोंगडी, पाण्याला तांब्या. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, स्नान वाटेतल्या ओढ्यावर. या साधेपणाला अपरिग्रहाचे नाव देण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी जे होते, तेच त्याने वाटेवर बरोबर घेतले. निवडण्याजोगे दुसरे काही हाताशी नसताना घडलेल्या काटकसरीला सद्गुण म्हणावे काय? उष्टी पत्रावळ बांधापलीकडे भिरकावली जाई आणि चार पावसांत तिची माती होई. हे श्रेय पळसाच्या पानाचे होते, टाकणाऱ्या हाताचे नव्हे. पुढे पानाच्या जागी थर्मोकोल आला, तांब्याच्या जागी पाण्याची पिशवी आणि बाटली आली. हात मात्र तोच राहिला.

यात दात्यांचाही वाटा आहे. वाटेवरची गावे आणि शहरांतली मंडळे वारकऱ्यांना चहा, फराळ, पाणी देतात. त्या देण्यातला भाव खोटा म्हणता येत नाही. तथापि अन्नदानाचे पुण्य दात्याच्या पदरी पडते आणि द्रोण-पेल्यांचा ढीग ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो, ही वाटणी न्यायाची नाही. महाराष्ट्राने २०१८ साली आणि केंद्र सरकारने २०२२ साली एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. कायद्याने वस्तू बदलता येते. टाकून पुढे जाण्याची सवय कायद्याच्या हाती तितकीशी लागत नाही.

कचऱ्याहून कठीण प्रश्न मानवी मैल्याचा. वारीत लाखो माणसे चालतात, आणि चंद्रभागेच्या वाळवंटावर यात्रेनंतर साचणारी घाण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी उचलत आले. ते ‘कोणीतरी’ जातीने ठरलेले होते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. पंढरपुरातल्या स्थितीची दखल मुंबई उच्च न्यायालयालाही घ्यावी लागली. त्यानंतर पालखीच्या तळांवर फिरती शौचालये मोठ्या संख्येने उभी राहू लागली. ज्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, त्याच्याच अंगणातली ही गोष्ट आहे. एकमेकांच्या पाया पडणारा समुदाय आपल्यामागून झाडू घेऊन येणाऱ्याला पाहत नव्हता. साधेपणा आपल्या पडशीपुरता मोजला, की असे होते.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हे हिशेब फार पूर्वी उलटे मांडले होते. मातीचे गाडगे हेच त्यांचे जेवणाचे भांडे आणि फुटके खापर हेच डोईवरचे छत्र, एवढाच त्यांचा संसार लोकांच्या स्मरणात राहिला. पण भांड्याहून झाडू महत्त्वाचा. गावात शिरले की ते आधी रस्ते झाडीत, कीर्तन रात्री. पंढरपुरातही मंदिरात जाण्यापेक्षा यात्रेकरूंची घाण काढण्यात आणि धर्मशाळा बांधण्यात त्यांचा जीव रमला. त्यांतली एक चोखामेळ्याच्या नावाची. आपल्याला किती कमी लागते, हे सांगणारे विरक्त या देशात पुष्कळ झाले. आपल्यामागे काय उरते ते उचलणारे विरळा.

समूहाचे गणित वेगळे असते, हेही येथे मान्य करावे लागेल. एकट्या वाटसरूने पान टाकले तर निसर्ग ते सहन करतो; तेच लाखांनी केले की निरुपद्रवी कृतीचा उपद्रव होतो, आणि त्यात कोणा एकाचा दोष दाखवता येत नाही. दोष सर्वांत वाटला गेला की तो कोणाचाच राहत नाही. घरून ताट-वाटी आणावी, हा उपाय सोपा वाटतो. परंतु शंभर माणसांची ताटे घासायला पाणी लागते, आणि पाऊस लांबलेल्या वर्षी माळशिरसच्या बाजूला ते टँकरनेच येते. राखेने घासून, मोजक्या पाण्यात विसळण्याची जुनी रीत तिथे कामी येते; वेळ मात्र द्यावा लागतो, आणि पहाटे निघायची घाई असते.

वारीला शिस्त परकी नाही. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. चोपदाराचा चोप वर झाला की हजारोंचा गजर क्षणात थांबतो. वीणा कोणी धरायची, तुळस कोणी घ्यायची, राहुटी कोणी उभारायची, हेही दिंडीत ठरलेले असते. तंबू सुटल्यावर तासभर मागे थांबून तळ कोणी झाडायचा, याची पाळी त्या क्रमात अजून सर्वत्र बसलेली नाही. आणि ती बसवायची झाली, तर पहिल्या दिवशी वीणेकऱ्याने झाडू घ्यावा की भिशी भरायला पैसे नसलेल्या म्हाताऱ्याने, हे दिंडीला ठरवावे लागेल.