मैदानाबाहेरचे नियम

7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोच्या एशियाडमध्ये भारत आणि इराण यांच्यातला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना 28-28 अशा बरोबरीत आला आणि एका चढाईवरून वाद पेटला. गुण कोणाला, किती, जुना नियम लागू की नवा, यावर सामना जवळजवळ तासभर थांबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला. एका चढाईच्या नियमासाठी दोन देश इतक्या निकराने भांडतात, हे मला खेळाच्या प्रकृतीचं लक्षण वाटतं. तीस सेकंदांत चढाई संपली पाहिजे, बाद झालेल्याने मैदान सोडलं पाहिजे, समोरचा गडी बाद झाला तरच त्याने परत यावं. गावोगावच्या हुतुतूला अशी लेखी शिस्त लावण्यात महाराष्ट्रातल्या शारीरिक शिक्षण चळवळीचा मोठा वाटा आहे. बुवा साळवींनी तर या खेळासाठी आयुष्य वेचलं.

मैदानावर एवढी काटेकोर असलेली ही शिस्त संघटनेच्या घटनेत मात्र उतरली नाही.

भारतीय हौशी कबड्डी महासंघाचं अध्यक्षपद जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे सुमारे 28 वर्षं होतं. ते तहहयात अध्यक्ष झाले आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी मृदुल भदौरिया आल्या. ऑगस्ट 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या दोन्ही नेमणुका रद्द केल्या आणि महासंघावर प्रशासक आणला. खटला लढवणाऱ्यांत माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू होते. त्याच महिन्यात जकार्तात, 1990 पासून सलग सात एशियाडमध्ये सुवर्ण घेणारा आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला. त्या पराभवाचं खापर कारभारावर फोडणं सोपं आहे, पण इराण त्या दिवशी सरस खेळला. मला जास्त अस्वस्थ करते ती सप्टेंबरमधली घटना. निवडीत अन्याय झाल्याची तक्रार होती, म्हणून एशियाडचा संघ आणि डावललेले खेळाडू यांचा सामना न्यायालयाने ठरवून दिला. डावललेले मैदानात आले, निवडलेला संघ आलाच नाही. कोण सरस हे मैदानावर ठरवायचं तर त्यासाठीही न्यायाधीशांचा आदेश लागावा आणि तोही पुरा पडू नये, यापेक्षा खेळाची मोठी नामुष्की कोणती?

कार्यकर्त्यांची बाजू मी हलक्याने घेत नाही. आपल्याकडे कबड्डी जगवली ती पदरमोड करणाऱ्यांनी. एसटीने मुलांना स्पर्धेला नेणारे, वर्गणी काढून मैदान आखणारे, पंचांच्या जेवणाची सोय घरी करणारे लोक आजही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना मानधन नाही, म्हणून त्यांना हिशेब विचारणं आपल्याला कृतघ्नपणाचं वाटतं. नेमक्या या संकोचाच्या आडोशाला वरच्या खुर्च्या पक्क्या होत गेल्या. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली, खेळाडूंवर लाखोंच्या बोली लागू लागल्या, आणि संघात कोण असेल हे ठरवणाऱ्या पदाचं मोल कितीतरी वाढलं. विनावेतन पदातही मोठी सत्ता असते. तिला मुदत हवी आणि तिचा हिशेबही हवा.

2011 च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेने अध्यक्षाला एकूण 12 वर्षांची आणि 70 वर्षं वयाची मर्यादा घातली. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने पंधरा जणांपर्यंतची कार्यकारिणी, तीत किमान चार महिला, नामवंत खेळाडूंना जागा आणि वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आणलं. हे सारं स्वागतार्ह आहे. पण सलग तीन कार्यकाळांनंतर एक कार्यकाळ थांबून परतण्याची वाटही त्याने मोकळी ठेवली आहे. जुनी मर्यादा मला अधिक योग्य वाटते.

तरी मुदत हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. नवऱ्यानंतर बायको येते तेव्हा प्रत्येकाची मुदत नवीच असते. मत देणारे तेच राहिले तर माणूस बदलून कारभार तसाच चालू शकतो. महासंघात मत राज्य संघटनेचं, राज्यात जिल्ह्याचं आणि जिल्ह्यात नोंदलेल्या मंडळांचं. या साखळीत घाम गाळणारा खेळाडू कुठेच मतदार नाही. त्याच्या हाती असतो तो नोंदणीचा अर्ज. प्रशासकाची राजवट सहा वर्षांहून अधिक रेंगाळली, आंतरराष्ट्रीय महासंघाने भारताला निलंबित केलं, आणि 2025 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेला जाता यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती खेळाडूंनीच. कायद्याने राष्ट्रीय कार्यकारिणीत खेळाडूंना बसवलं. आता राज्य आणि जिल्हा संघटनांच्या घटनेत राज्य पातळीवर खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीला मताचा हक्क लिहून मिळाला पाहिजे. संघनिवडीची गुणपत्रकंही निवडीच्याच दिवशी सर्वांसमोर लागली पाहिजेत.