सरकारी पाहुणा आणि काळे झेंडे

बड्या माणसाचा दौरा लागला की नांदेड काय आणि लातूर काय, शासनाची लगबग सारखीच असते. वर्षभर तोंड वासून पडलेले खड्डे रातोरात बुजतात, विश्रामगृहाला रंग लागतो, सरकारी डॉक्टरांचं पथक रुग्णवाहिकेसह ताफ्यात उभं राहतं. त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यातला हवालदार चार-सहा ठरावीक घरांच्या कड्या वाजवतो. हातात नोटीस असते: शांतता भंग झाल्यास आपणास जबाबदार धरलं जाईल. हल्ली ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली निघते, पण जुने कार्यकर्ते अजून तिला जुन्या कायद्यातल्या कलमावरून ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’च म्हणतात. सही करायची, हवालदाराला चहा पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी काळा झेंडा खिशात घालून निघायचं, नाहीतर दिवसभर ठाण्यात बसायचं.

येणारा मंत्री असेल तर या निषेधात कुणाला वावगं वाटत नाही. तो धर्मगुरू असला की मात्र निषेध करणारा लगेच धर्मबुडवा ठरतो.

हा पेच १९९९ साली फार मोठ्या पातळीवर उभा राहिला होता. त्या वर्षी नोव्हेंबरात पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीला आले. व्हॅटिकन जेमतेम ११० एकरांचं, पण १९२९ पासून ते स्वतंत्र राज्य आहे. त्यामुळे पोप हा कॅथलिकांचा धर्मगुरू आणि त्याच वेळी राष्ट्रप्रमुखही. साहजिकच राष्ट्रपती भवनात त्यांचं इतमामानं स्वागत झालं. विरोधात हिंदुत्ववादी संघटनांनी थेट गोव्याहून दिल्लीपर्यंत यात्रा काढली. गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल पोपनी माफी मागावी, ही त्यांची एक मुख्य मागणी.

ती हवेतली नव्हती. धर्मांतरितांच्या घरात जुने विधी चालतात का, हे हुडकून शिक्षा ठोठावणारं हे धर्मन्यायालय गोव्यात १५६० साली सुरू झालं आणि मधली काही वर्षं वगळता १८१२ पर्यंत चाललं. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. राज्याचा पाहुणा म्हणून जो येतो, त्याच्या संस्थेच्या इतिहासाचा जाब विचारण्यात गैर काय? गंमत अशी, की स्वागताला उभं सरकार वाजपेयींचं होतं आणि रस्त्यावरचे निषेधकर्तेही त्यांच्याच विचारांच्या घरातले.

तरीही त्या आंदोलनात एक खोट होती. १९९८ च्या नाताळात गुजरातेतल्या डांग जिल्ह्यात चर्चवर हल्ले झाले होते. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं गेलं होतं. अशा वर्षी पोपविरुद्ध दिलेली घोषणा पोपपर्यंत पोहोचण्याआधी गल्लीतल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या कानावर पडते. त्या कुटुंबानं कुठलं न्यायालय चालवलं होतं? पोपनीही दिल्लीत, तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचं मोठं पीक येवो, अशी आशा बोलून दाखवली आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं. पुढे मार्च २००० मध्ये त्यांनी रोममध्ये चर्चच्या पूर्वीच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्यात गोव्याचं नाव नव्हतं.

ब्रिटनचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावं. १९८२ साली जॉन पॉल तिथे गेले, तो दौरा धार्मिक होता आणि खर्चाचा मुख्य भार चर्चनं उचलला. सप्टेंबर २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे मात्र राणीचे पाहुणे म्हणून, सरकारी दौऱ्यावर गेले. पैसा सरकारी तिजोरीतूनही जाणार म्हटल्यावर करदात्यानं तोंड उघडलं. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. पाद्र्यांनी लहान मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार चर्चनं का झाकले, हा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याच संध्याकाळी हाइड पार्कमध्ये हजारो भाविकांसोबत पोपची प्रार्थनाही पार पडली आणि त्याच दिवशी पोपनी काही पीडितांची भेटही घेतली. मोर्चावाल्यांनी प्रार्थना उधळली नाही, पोलिसांनी मोर्चा दडपला नाही.

लंडन लांब वाटत असेल, तर मार्च २०१३ आठवावा. मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि प्रवचनकार आसाराम बापू नागपूर-नवी मुंबईत भक्तांवर पाण्याचे फवारे मारत होळी खेळत होते. टँकरच्या पाण्यावरून लोक संतापले, निदर्शनं झाली. आपल्या बापूंचा अवमान झाला, असं तेव्हा भक्तांना वाटलं. पाच वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, जोधपूरच्या न्यायालयानं अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यात याच बापूंना जन्मठेप सुनावली.

लातूरकरांना तर पाहुणचाराची किंमत लिटरमध्ये ठाऊक आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, तीत पाच लाख लिटर पाणी होतं. लगेच त्याच आठवड्यात औसा तालुक्यातल्या बेलकुंडला तत्कालीन महसूलमंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी धूळ बसावी म्हणून हेलिपॅडवर सुमारे दहा हजार लिटर पाणी शिंपडलं गेलं. ओरड झाली ती मंत्र्यांच्या पक्षासाठी नव्हे, त्या पाण्यासाठी. पाहुणा भगव्यात असता तर ते पाणी पवित्र ठरलं असतं काय?

धर्मासाठी सरकारी पैसा म्हटला की नांदेडला २००८ आठवतं. गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुतागद्दीला तीनशे वर्षं झाली, तेव्हा देशभरातून लाखो शीख आले. शहराला नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी मिळाला, रस्ते झाले, विमानतळ सुधारला. भाविकांची जेवणं लंगरनं सांभाळली. त्या रस्त्यांवरून आज सगळ्याच धर्मांची माणसं जातात. म्हणूनच त्या खर्चाला आणि एका माणसाच्या मांडवासाठी जुंपलेल्या महसूल-पोलीस यंत्रणेला एकाच मापानं मोजता येणार नाही.

पुढचा दौरा लागेल तेव्हा भक्तांनी खुशाल दर्शनाला जावं, त्यांची वाट कुणी अडवू नये. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी राग पाहुण्याच्या समाजावर न काढता ते यजमान सरकारला विचारावेत. माहिती अधिकाराचा साधा अर्ज करावा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा: या दौऱ्यावर किती खर्च झाला, कोणत्या आदेशानं झाला आणि किती जणांना नोटिसा दिल्या? तीस दिवसांत उत्तर देणं प्रशासनाला बंधनकारक आहे.