आगंतुक कोण?

काचेच्या टाकीत समुद्रजीव पाळणारे रसिक तीत प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचे सच्छिद्र खडक ठेवतात. माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचे खडकांवरील सूक्ष्म जंतू कमी विषारी द्रव्यांत रूपांतर करतात. म्हणून अशा खडकांस ‘जिवंत खडक’ म्हणावयाचे. पण त्यांच्या छिद्रांतून न बोलावलेले जीवही येतात, आणि रसिकाला न्यायाधीश व्हावे लागते.

हा न्याय बहुधा रूपावरून होतो. अंगावर टोचऱ्या केसांचे झुपके असलेला कृमी किळसवाणा म्हणून मारला जातो; वस्तुतः त्याच्या बहुतेक जाती उरलेसुरले अन्न खाऊन टाकी स्वच्छ राखतात. ऐप्टेशिया हे समुद्रफूल दिसावयास मोहक. परंतु ते शेजारच्या प्रवाळांस दंश करते आणि चिरडल्यास तुकड्यांतून पुन्हा वाढते. तेव्हा ओळख पटण्यापूर्वी शिक्षा देऊ नये, हे उघड आहे.

परंतु ओळख पटल्यावर तरी ‘अपराधी’ हा शब्द शोभेल काय? खडक हे त्याचे घर होते. ते उचलून आणले आपण. आश्रित प्रवाळांच्या रक्षणार्थ त्याला दूर करणे प्राप्त असेल, तर अवश्य करावे. मात्र त्या कृत्यास न्याय म्हणू नये, आपली गरज म्हणावे.