जागा आणि अमानत

टॅब्लेट भरला की आपण पुसायला बसतो. कुणी किती जागा अडवली आहे, याची यादी सेटिंग्जमध्ये मिळते. ही यादी वजनाची असते, मोलाची नव्हे. निकाहच्या चित्रफितीला काही जीबी लागतात. अब्बांच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप एक एमबीही खात नाही. कशाचे मोल किती, हे आपणच ठरवायचे असते.

पण आपल्याजवळ आहे ते सगळे आपलेच असते का? आयपॅडवर ‘आयक्लाउड फोटो’ चालू असेल, तर इथे पुसलेला फोटो त्याच खात्याच्या फोनवरूनही जातो. सगळ्या घराचे खाते एकच असेल, तर आपण दुसऱ्याची आठवणही पुसत असतो. तो फोटो ‘नुकतेच हटवलेले’मध्ये ३० दिवस राहतो, तोवर जागाही अडवतो. ती मुदत घरच्यांना विचारण्यासाठी आहे, असे आपण समजावे.

जुम्म्याची शुभेच्छाचित्रे, एकाच फोटोच्या पाच प्रती, पाहून झालेले सिनेमे बेलाशक काढावेत. दुसऱ्याचा चेहरा, दुसऱ्याचा आवाज मात्र आपल्याकडे अमानत आहे, असे आम्हाला वाटते. विचारल्याशिवाय तो पुसणे ही अमानतीतली खयानतच होय.