जिभेचे चोचले आणि अन्नाचा मान

॥ श्री अन्नपूर्णादेव्यै नमः ॥



देवासमोर नतमस्तक होऊन आपण गाभाऱ्याबाहेर येतो आणि पुजारी आपल्या हातावर प्रसाद ठेवतात. तो शिरा असो, साखरफुटाणे असोत वा खोबऱ्याचा तुकडा असो, आपण तो मस्तकी लावतो आणि मुखात घालतो. शिऱ्यात साखर कमी पडली, असे तेथे कोणी म्हणत नाही. तीच व्यक्ती घरी पानावर बसली की मात्र "आज पुन्हा दुधी?" हा प्रश्न सहज तिच्या तोंडून निघतो. हात तोच, जीभ तीच आणि भूकही तीच असताना हा पालट कशामुळे होतो, याचा विचार प्रस्तुत निरूपणात करण्याचे योजिले आहे.

लहान मुलाने ताटातील भाजी बाजूला सारली तर आपण ते फारसे मनावर घेत नाही. अपरिचित पदार्थाचे भय वाटणे हा बालस्वभावच आहे आणि बहुतेक मुले वाढत्या वयाबरोबर त्यातून बाहेर पडतात. परंतु पन्नाशी गाठलेल्या गृहस्थाने तसेच केले तर त्यास काय म्हणावे? काही मंडळी दुसऱ्याच्या प्रत्येक नकारास नखरा समजतात, तर काही मंडळी आपल्या प्रत्येक हट्टास प्रकृतीचे नाव देतात. पहिल्यांच्या हातून खाणाऱ्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्यांच्या हातून रांधणाऱ्यावर. म्हणून प्रौढ माणसाचा चोखंदळपणा नेमका कशास म्हणावे, हे पारखून पाहणे आवश्यक आहे.

शास्त्राची आज्ञा

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत ब्रह्म जाणू इच्छिणाऱ्या भृगूस तपश्चर्येअंती प्रथम जे उत्तर सापडले, ते अन्न हेच ब्रह्म असे होते. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या चढत गेला. तथापि त्यानंतर व्रते सांगताना ऋषी पुन्हा अन्नाकडेच वळतात. अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न विपुल करावे आणि आश्रयास आलेल्या कोणासही विन्मुख पाठवू नये, असा त्या व्रतांचा आशय आहे. प्रत्येकाने प्रत्येक पदार्थ खाल्लाच पाहिजे, अशी आज्ञा येथे नाही. निषेध आहे तो निंदेचा आणि अव्हेराचा.

श्रीमद्भगवद्गीतेनेही सतराव्या अध्यायात मनुष्यस्वभावानुसार आहाराची आवड तीन प्रकारची असते असे सांगितले आहे. आवड असते हे गीतेने गृहीतच धरले आहे. सहाव्या अध्यायात तर अति खाणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, दोघांसही योग साधत नाही, असा स्पष्ट इशारा आहे. अर्थात जिभेस मोकाट सोडणे जसे इष्ट नव्हे, तसे देहास छळणेही इष्ट नव्हे.

आवड असणे हा दोष नव्हे

आपल्या देवांनाही आवडीनिवडी आहेत. गणरायास मोदक, गोपाळकृष्णास लोणी, तर चंपाषष्ठीस खंडोबारायास वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा. शेगावच्या श्री गजानन महाराजांस पिठले, ज्वारीची भाकरी, कांदा आणि अंबाडीची भाजी प्रिय, म्हणून आजही भक्त तोच नैवेद्य प्रेमाने दाखवितात. परंतु हेच महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम प्रकट झाले, ते देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, अशी परंपरा आहे. आवड होती, पण आवडीवाचून अडत नव्हते. ज्या शितांस इतरांनी टाकाऊ ठरविले होते, त्यांचा मान महाराजांनी राखला. आवड आणि हट्ट यांमधील अंतर याहून स्पष्टपणे कोणी दाखवावे?

भगवान श्रीकृष्णांनी सुदाम्याचे पोहे आनंदाने खाल्ले. परंतु हस्तिनापुरात दुर्योधनाच्या मेजवानीचे निमंत्रण त्यांनी नाकारले आणि ते विदुराघरी जेवले. तेथे त्यांचा नकार पक्वान्नांस नव्हता. जेथे प्रेम नाही तेथील अन्न घेऊ नये, हा त्यामागील विचार होता. म्हणजे नकार दिला एवढ्यावरून कोणास चोखंदळ ठरविता येत नाही. नकारामागचे कारण पाहावे लागते.

"चालत नाही" आणि "आवडत नाही"

या कारणांपैकी पहिले म्हणजे देह. मधुमेही व्यक्तीने प्रसादाच्या लाडूचा कण घेऊन उरलेला दुसऱ्यास दिला, एखाद्यास शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात म्हणून त्याने खिचडी नाकारली, कवळी बसविलेल्या आजोबांनी भाकरी दुधात कुस्करून मागितली, तर त्यास नखरा म्हणणे हे अज्ञान होय. इतकेच नव्हे, तर सर्वांच्या जिभाही सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास असे आढळले की, एकच रसायन काहींना अतिशय कडू लागते, तर काहींना त्याची चवच लागत नाही. हा भेद आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. तेव्हा आपणास रुचकर लागणारे कारले शेजारच्या पानावरील व्यक्तीस तसेच लागत असेल, असे समजण्याचे कारण नाही. काही प्रौढांना विशिष्ट वास, रंग वा मऊपणा यांमुळे मोजके पदार्थ वगळता काही गिळणेच अशक्य होते आणि त्यांची प्रकृती खालावते. २०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत यास विकार म्हणून स्वतंत्र स्थान दिले. अशांना टोमणे नकोत. त्यांना वैद्यकीय साहाय्य आणि आप्तांची माया हवी.

दुसरे कारण व्रत. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, कांद्याचे पदार्थ खाऊन अनेक घरांत चातुर्मासापुरते कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करतात. काशीयात्रा केल्यावर एखादी आवडीची वस्तू कायमची सोडण्याचीही प्रथा आहे. आता यात गंमत अशी की, काही यात्रेकरू काशीस जाऊन नेमके कारले सोडून येतात! जे मुळातच नको होते, त्याचा त्याग केल्याचे पुण्य कसे पदरी पडावे? व्रताच्या आड नावड लपविली की व्रतही राहत नाही आणि प्रामाणिकपणाही राहत नाही.

महात्मा गांधींनी आश्रमाच्या व्रतांत अस्वादास, म्हणजे जिभेच्या संयमास, स्वतंत्र स्थान दिले होते. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या व्रताचे विवेचन केले आहे. औषध जसे गोडकडू न पाहता देहास आवश्यक तेवढेच घेतो, तसे अन्न घ्यावे, हा त्याचा सारांश. याच गांधीजींनी दूध न घेण्याचे व्रत घेतले होते. १९१९ च्या प्रारंभी मुंबईत ते दुखण्याने क्षीण झाले असता कस्तुरबांनी शेळीचे दूध घेण्याचे सुचविले आणि त्यांनी ते मानले. व्रताचे शब्द पाळले गेले तरी त्याचा आत्मा दुखावला, हे त्यांनी आत्मकथेत लपविलेले नाही. व्रतस्थाने स्वतःशी असेच कठोर असावे. मात्र आपल्या व्रताचा बडगा घरातील इतरांवर उगारू नये.

भार कोणावर पडतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या अल्पमतीप्रमाणे चोखंदळपणाची कसोटी काय खात नाही, यात नाही. आपल्या न खाण्याचा भार कोण वाहतो, यात ती आहे. एखाद्यास वांगे आवडत नाही; तो मुकाट्याने आमटी-भातावर जेवतो, अथवा स्वतः उठून आपल्यापुरते काही करून घेतो. त्यास कोणी चोखंदळ म्हणू नये. दुसऱ्यासही वांगे आवडत नाही. तो ताट पुढे सारतो, मुलांदेखत भाजीस नावे ठेवतो आणि दिवसभर राबलेल्या पत्नीस वा सुनेस पुन्हा चुलीपुढे उभी करतो. नावड दोघांचीही एकच, परंतु जिभेचे चोचले म्हणतात ते या दुसऱ्याचे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डबेवाले मुंबईकरांस घरचे जेवण कचेरीत पोहोचवीत आले आहेत. ज्याच्या त्याच्या आवडीचा असा मान राखणारे शहर विरळाच. परंतु तो डबा सकाळी वेळेवर भरलेला असावा म्हणून पहाटे कोण उठते? गिरणगावातील खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांस संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या श्रमास मोल आहे हे समाजास दिसू लागले. घरातील अन्नपूर्णेच्या श्रमाचा हिशेब मात्र कोठेच मांडला जात नाही. यजमानांस काय आवडते, मुलांस काय चालते, सासूबाईंस काय पचते, हे तिला मुखोद्गत असते. तिला स्वतःला काय आवडते, हे आपणांपैकी किती जणांस सांगता येईल? घरी जाऊन तेवढे एकदा विचारले, तरी हे निरूपण वाचल्याचे सार्थक होईल.

एका नकारास मात्र आपल्या संतांनी कधीच क्षमा केली नाही. तो म्हणजे अन्न कोणी शिजविले वा पंक्तीस कोण बसले आहे, हे पाहून केलेला नकार. पैठणच्या संत एकनाथ महाराजांनी श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न भुकेल्या अस्पृश्य कुटुंबास वाढले आणि त्यामुळे ब्राह्मणांनी त्यांच्या घरी जेवण्याचे नाकारले, ही कथा सर्वश्रुत आहे. नाथांनी तो रोष पत्करला. "आम्हांस बाहेरचे चालत नाही" असे म्हणताना आपल्या मनात आरोग्याचा विचार आहे की हा जुना भेद दडला आहे, हे ज्याचे त्याने अंतःकरणास विचारावे.

पानात टाकलेले कोठे जाते?

कांजूरमार्गच्या रहिवाशांस या प्रश्नाचे उत्तर निराळे सांगावयास नको. पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे खाडीच्या बाजूस २०११ पासून कचराभूमी सुरू आहे आणि मुंबईच्या दैनंदिन कचऱ्याचा फार मोठा भाग तेथे येतो. महानगरातील मंगल कार्यालये, उपाहारगृहे आणि घरे यांतून टाकलेले अन्न शेवटी आपल्याच वेशीवर येऊन पडते. ओले अन्न हवेवाचून कुजले की त्यातून मिथेन वायू निघतो आणि कुजण्याची दुर्गंधी पसरते. कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी येथील नागरिकांची यासंबंधीची गाऱ्हाणी उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. शासन आणि न्यायसंस्था आपले काम करतील. परंतु ज्या वाऱ्याने संध्याकाळी आपण खिडक्या लावून घेतो, त्या वाऱ्यात आपल्या ताटातील घासही असू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

येथे यजमानांसही दोन शब्द. आपल्याकडे पंक्तीत आग्रह करण्याची हौस मोठी. पाहुणा "पुरे" म्हणत असता चौथी जिलेबी त्याच्या पानात टाकणे आणि ती तशीच राहिली की त्यास दोष देणे, हे न्याय्य नव्हे. पानात अन्न टाकल्याचा दोष अशा वेळी वाढणाऱ्याकडे जातो.

महाप्रसादास बसताना

मंदिरात महाप्रसाद घेणाऱ्या भाविकांस नम्र विनंती की, प्रथम थोडेच वाढून घ्यावे आणि लागेल तेवढे पुन्हा निःसंकोच मागावे. जो पदार्थ प्रकृतीस चालत नाही, तो वाढण्यापूर्वीच हात आडवा करून थांबवावा. त्यात देवाचा अपमान होत नाही. एकदा पानात आलेले अन्न मात्र टाकू नये. पथ्य असल्यास स्वयंसेवकांस आधी सांगावे, ते साधा वरणभात आनंदाने वाढतील. लहान मुलांस स्वतंत्र पान न मांडता आपल्या पानातील घास भरवावा.

अन्नदानासाठी देणगी देणाऱ्या दानशूरांस एक सुचवावेसे वाटते. आपल्या नावे अमुकच पक्वान्न व्हावे, असा आग्रह कधीकधी धरला जातो. भावना शुद्ध असते, परंतु भुकेल्यास काय हवे हे पाहून दिलेले दान श्रेष्ठ. खाणाऱ्याने जशी जीभ आवरावी, तशी देणाऱ्यानेही आपली हौस थोडी आवरावी.

गुढीपाडव्यास वर्षाचा आरंभ आपण कडुनिंबाच्या पानाने करतो. सणाचा गोडधोड स्वयंपाक त्यानंतर येतो. आयुष्यात पानावर काय वाढले जाईल हे आपल्या हाती नसते, परंतु ते कोणत्या मुद्रेने स्वीकारावे हे असते, याचा तो वार्षिक सराव होय. पिकविणाऱ्याचा, रांधणाऱ्याचा आणि वाढणाऱ्याचा हात आठवून घेतलेला प्रत्येक घास प्रसादच आहे. श्रीकृपेने आपणां सर्वांच्या घरी अन्न विपुल असो, ते रुचो, पचो आणि दाराशी आलेल्याच्या मुखीही लागो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

आपला नम्र,
चिटणीस, विश्वस्त मंडळ कार्यालय
कांजूरमार्ग, मुंबई