गोत्र कोणतं, कॉलेज कोणतं?

शिकायला आलेल्या सत्यकामाला हारिद्रुमत गौतमांनी आधी गोत्र विचारलं. मुलाकडे उत्तर नव्हतं. आई जबाला म्हणाली होती की, तरुणपणी चार घरी राबत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. त्याने तेच गुरूंना जसंच्या तसं सांगितलं. छांदोग्य उपनिषदातली ही कथा पुण्यात आठवते ती एलएलबीचे निकाल लागले की. सीनियरच्या चेंबरमध्ये असो की मुंबईच्या सॉलिसिटर फर्ममध्ये, जागा शोधणाऱ्या मुलाला आधी विचारतात: कॉलेज कोणतं?

कायद्याला या प्रश्नाशी देणंघेणं नाही. १९२४ सालचं आयएलएस असो, सिम्बायोसिस असो की तालुक्याचं कॉलेज, सनद एकच आणि बार कौन्सिलची परीक्षाही एकच. मुंबईत सॉलिसिटर व्हायचं तर बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा असते, तिचा पेपरही सगळ्यांना सारखा. पण त्याआधी आर्टिकल्ड क्लार्क, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालचा शिकाऊ, म्हणून कुणीतरी ठेवून घ्यावं लागतं. नाव नडतं ते इथे. मोठ्या फर्म मुलं निवडायला राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जातात, तालुक्याच्या कॉलेजात फिरकत नाहीत.

फर्मचीही बाजू आहे. जागा एक, बायोडेटा ढीगभर. प्रवेशपरीक्षेच्या चाळणीतून आलेला मुलगा घेतला की निम्मं काम झालं, असं त्यांना वाटतं. हे झालं अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण अग्नीवाचून धूर कुठेच आढळत नाही. मोठं कॉलेज आणि चांगला वकील यांची अशी व्याप्ती, म्हणजे कधीच न तुटणारी सोबत, कुठे आहे? ती कोर्टात रोज मोडते, आणि न्यायदर्शनाचं तर्कशास्त्र अशा कधी लागू पडणाऱ्या, कधी न पडणाऱ्या हेतूला सव्यभिचार म्हणतं. शिवाय ती चाळणी सतरा-अठराव्या वर्षी लागते. क्लासची फी आणि घरातलं इंग्रजी तिथे मुलाच्या बुद्धीबरोबरच मोजलं जातं.

आणि नाव तरी सगळ्यांना सारखं कुठे फळतं? डॉ. आंबेडकरांकडे कोलंबिया होतं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स होतं, ग्रेज इनची बॅरिस्टरी होती. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांच्याकडे ब्रीफ पाठवायला तयार नव्हते. पण १९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरच्या बदनामीच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या बाजूने हेच बॅरिस्टर उभे राहिले आणि जिंकले.

सत्यकामाची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. खरं बोललास, असं ब्राह्मणावाचून कोण बोलेल, असं म्हणून गौतमांनी त्याला पदरात घेतलं. म्हणजे गुणावरून पुन्हा कुळच ताडलं. शंकराचार्यांनी तर ब्रह्मसूत्रभाष्यात ही कथा शूद्राला अधिकार नाही हे ठरवताना पुराव्यात घेतली. म्हणून उदारपणाचा दाखला म्हणून ती सांगताना जरा जपूनच सांगावी.

घेण्यासारखं आहे ते पुढचं. गौतमांनी त्याला चारशे रोडक्या गाई दिल्या. हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असं म्हणत तो रानात गेला आणि वर्षानुवर्षं राबला. शिवाजीनगर कोर्टातला ज्युनिअर याच गाई राखतो. सकाळी बोर्ड बघतो, पुकारा होईपर्यंत दाराशी थांबतो, पुढची तारीख डायरीत उतरवतो, संध्याकाळी अर्जाचा मसुदा सीनियरपुढे ठेवतो. त्यातली निम्मी वाक्यं खोडली जातात. महिनाभर असे मसुदे पाहिले की मुलगा कसा आहे ते कळतं. कॉलेजच्या नावावरून एवढं कधीच कळणार नाही.

पण रानात राहायलाही शिदोरी लागते. कित्येक ज्युनिअरना पहिले काही महिने हातात काहीच पडत नाही, आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं तर दर महिन्याला द्यावंच लागतं. ज्याला घरून पैसे येत नाहीत, तो त्याचा मसुदा कुणी नीट वाचण्याआधीच गावाकडे परततो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही.