गुळवेल लिहून देणार नाही

"भगंदराचा रुग्ण आला, तर तू काय करतेस?" काकांनी विचारलं.

"सर्जनकडे पाठवते."

"क्षारसूत्राचं नाव तरी काढतेस?"

पुतणी गप्प राहिली. काका तालुक्याच्या गावी वैद्यकी करतात. ती एमबीबीएस, पुण्यात तिचा दवाखाना आहे. थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला तो दोरा तिने कॉलेजात पाहिलाही नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली होती. 1991 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जखम भरायला शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार आठवडे लागले, दोऱ्याने आठ. पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के, तर दोऱ्यानंतर 4 टक्के होतं.

"पुरावा तुमच्याच पद्धतीचा आहे, तरी रुग्णाला कळत नाही."

"काका, एका दोऱ्याचा पुरावा प्रत्येक काढ्याला कसा लागू होईल? 2004 साली बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले."

"ती वनस्पती गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला होता."

"म्हणूनच तर! बाटलीत काय आहे हे मला माहीत नाही. मी ती टेबलावर ठेवली, की माझी पदवी तिच्यामागे उभी राहते."

"आणि नाही ठेवलीस, म्हणून माणूस घ्यायचा थांबतो? मधुमेहाची गोळी चालू असताना तो कारल्याचा रस पितो. साखर फार उतरली, तर कारण तुला कळणारसुद्धा नाही."

काकांचा हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. आपल्याकडे वाद नेहमी उलट्या बाजूने रंगतो: इतर पद्धतींच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं द्यावीत का? मुंबईच्या एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ठरवलं. 2014 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथांना औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधं देण्याची मर्यादित मुभा दिली. त्यावरून भांडण सुरूच आहे. पण एमबीबीएस डॉक्टरला आयुर्वेदाचं किमान किती कळावं, याबद्दल फारसं कुणी हट्ट धरत नाही. त्याची किंमत रुग्ण मोजतो.

"मुंबईचे डॉक्टर रुस्तम वकील आठव," काका म्हणाले. "सर्पगंधा त्यांनी हसण्यावारी नेली नाही. ती घेणाऱ्या रुग्णांचे रक्तदाब मोजले आणि 1949 साली ब्रिटिश नियतकालिकात छापले."

"मोजले म्हणूनच जगाने ती घेतली. पुढे तिच्यापासून निघालेल्या औषधाने नैराश्य येत असल्याचा संशय आला, अधिक चांगली औषधं मिळाली, तशी ती मागे पडली. तुमच्याकडे एखादं औषध मागे पडतं का कधी?"

काका बराच वेळ बोलले नाहीत.

"जो रुग्ण परत आला नाही, तो बरा झाला असं मी धरतो," ते शेवटी म्हणाले.

"मीही तेच धरते, काका. तर असं करू. भगंदराच्या रुग्णाला मी दोन्ही पर्याय सांगीन, आठ आठवड्यांसकट. तुमच्याकडे आला, तर वर्षभराने त्याला फोन करायचा आणि मला कळवायचं."

"कबूल. आणि गुळवेल?"

"घेता का, एवढं प्रत्येकाला विचारीन. लिहून देणार नाही."

हे मात्र काकांना पटलं नाही.